उपवासी पाहुणा

फुलंब्रीहून एका वृद्ध वाचकभगिनींचें पत्र आम्हांस आलें आहे. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त सहकुटुंब इंग्लंडांत असतात. नातवानें तेथें एक साप पाळला असून, थंडी सुरू झाल्यापासून सात आठवडे त्या सापानें अन्नास तोंड लावलेलें नाहीं. दर रविवारीं मोबाइलच्या पडद्यावर नातू रडवेला दिसतो. सूनबाई म्हणतात, ही ब्याद घरांतून जाऊं द्या. आणि आजीबाईंचा जीव दोहोंच्या मध्यें टांगलेला राहतो. नागपंचमीस आपण ठेवतों तशी दुधाची वाटी तेथें ठेवून पाहावी काय, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न सापाचा दिसला तरी त्यांत एका घराची शांतता गुंतलेली आहे; म्हणून त्याचें उत्तर या पानावर देणें आम्हांस इष्ट वाटतें.

प्रथम दुधाविषयीं. साप हा सस्तन प्राणी नव्हे. दूध हें त्याचें अन्न नव्हे आणि तें त्याला पचतही नाहीं. गारुड्याच्या टोपलींतील नाग दूध पितांना आपण लहानपणीं पाहिला असेल. परंतु त्याला त्यापूर्वीं कित्येक दिवस पाण्यावांचून कोंडलेलें असे. तहानेनें व्याकुळ झालेला जीव समोर येईल तें पितो. त्यास आपण भक्तीचा स्वीकार समजत आलों! तेव्हां दुधाची वाटी नको. स्वच्छ पाण्याचें पसरट भांडें मात्र सापापाशीं सदैव असावें.

आतां सापाविषयीं. आजीबाईंनीं केलेल्या वर्णनावरून तो पश्चिम आफ्रिकेंतील लहान जातीचा अजगर दिसतो. भ्याला कीं अंगाचा चेंडू करून डोकें आंत लपवितो, म्हणून त्यास 'बॉल पायथन' म्हणतात. तो बिनविषारी असून नीट सांभाळल्यास वीस-तीस वर्षें जगतो. त्याच्या मायदेशीं तो उंदरांच्या बिळांत व वाळवीच्या वारुळांत दडून राहतो.

उपवास हा त्याचा स्वभावच आहे. आपण खातों त्या अन्नाचा मोठा भाग शरीर उबदार ठेवण्यांत खर्च होतो. सापास ती ऊब बाहेरून मिळते, म्हणून त्याचें थोड्यांत भागतें. बर्मी अजगरांच्या अभ्यासांत असें आढळलें आहे कीं, उपवासाच्या काळीं त्यांचें आंतडें आक्रसतें आणि भक्ष्य पोटांत गेल्यावर तें थोड्याच वेळांत पुनः वाढतें. चांगला पोसलेला प्रौढ बॉल पायथन थंडीच्या दिवसांत कित्येक महिने खात नाहीं, यांत नवल नाहीं. नुकत्याच जन्मलेल्या पिलाची गोष्ट मात्र वेगळी. तेथें दिरंगाई करूं नये.

तथापि कारण पाहावयास हवें. पेटीची एक बाजू सुमारें ३२ अंश सेल्सियस उष्ण व दुसरी काहींशी थंड आहे ना? ऊब कमी पडली तर अन्न पचत नाहीं, आणि साप तें नाकारतो किंवा ओकून टाकतो. अंग चोरून बसण्यास अरुंद, अंधारी जागा आहे ना? डोळे निळसर झाले असतील तर कात टाकण्याची वेळ आली आहे. तोंवर आग्रह करूं नये. आणि नातू काळजीपोटीं त्यास वारंवार उचलून तर पाहत नाहीं ना? भ्यालेला साप जेवत नाहीं.

परंतु खरें कारण आजीबाईंच्या पत्रांतील एका ओझरत्या वाक्यांत असावें, असा आमचा तर्क आहे. घर शाकाहारी, गोठविलेले उंदीर स्वयंपाकघरांत आणावयाचे नाहींत, अशी सूनबाईंची ताकीद. नातू ते मोटारीच्या खोलींत लपवून ठेवतो आणि आई पाहण्यापूर्वीं घाईघाईनें अर्धवट विरघळलेला उंदीर सापापुढें टाकतो. या अजगराच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या लहान खांचा असतात. त्यास भक्ष्य कळतें तें उबेवरून. थंडगार उंदीर हें त्याच्या लेखीं अन्नच नव्हे. म्हणजे आई व मुलगा यांच्यांतील संकोचाची शिक्षा तो मुका जीव भोगीत आहे!

यावर उपाय कठीण नाहीं. मोटारीच्या खोलींत एक लहान वेगळें शीतकपाट ठेवावें. भांडें व चिमटाही वेगळा असावा. उंदीर पूर्ण विरघळूं द्यावा, मग पिशवींत घालून ऊन पाण्यांत उबदार करावा आणि सायंकाळीं मंद उजेडांत चिमट्यानें पुढें धरावा. न घेतल्यास काढून घ्यावा व आठवडाभर सापास स्वस्थ राहूं द्यावें. जिवंत उंदीर पेटींत सोडूं नये. तो सापास चावून जखमी करतो. बळेंच तोंडांत घास कोंबणें तर सर्वथा वर्ज्य. दर आठवड्यास वजन टिपून ठेवावें. तें एक-दशांशानें घटलें, किंवा साप तोंड उघडून श्वास घेऊं लागला अथवा तोंडांतून चिकट स्राव येऊं लागला, तर सर्पांचें ज्ञान असलेल्या पशुवैद्याकडे न्यावें.

येथें आमच्या बालवाचकांस एक इशारा देणें अवश्य आहे. हें वाचून कोणीं फुलंब्रीच्या शेतांतील धामण बरणींत कोंडूं नये. मक्याच्या ढिगाशीं येणारी धामण उंदीर खाऊन शेतकऱ्याचें धान्य राखते; कोंडली तर बहुधा ती अन्नच सोडते, आणि तिच्या उपवासावर औषध एकच – सुटका. शिवाय आपल्याकडील नाग, धामण, दिवड यांना पकडून ठेवणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे. घरांत साप आलाच तर वनखात्यास किंवा जाणत्या सर्पमित्रास कळवावें.

राहिला सूनबाईंचा प्रश्न. त्यांची किळस खोटी नाहीं, आणि ती कोणीं हसण्यावारी नेऊं नये. परंतु सापास आपला आचार शिकवितां येत नाहीं. ज्यास पाहुणा म्हणून घरीं आणलें त्याच्या पानांत त्याचेंच अन्न वाढावें लागतें. तें जमण्यासारखें नसेल, तर तो जाणत्या माणसाच्या हवालीं करण्यांत कमीपणा नाहीं. येत्या रविवारीं आजीबाईंनीं नातवाशीं बोलण्यापूर्वीं सुनेशीं दोन शब्द बोलावे. सापाचा उपवास बहुधा तेथूनच सुटेल.