लघुग्रह वळविता येईल, पण कुणीकडे?

दि. २७ सप्टेंबर २०२२ रोजी, भारतीय वेळेनुसार पहाटे पावणेपाचच्या सुमारास, मानवाने प्रथमच एका खगोलीय पिंडाचा मार्ग हेतुपुरस्सर बदलला. पृथ्वीपासून सुमारे १ कोटी १० लाख किलोमीटर अंतरावर ‘नासा’चे ‘डार्ट’ हे यान सेकंदाला सहा किलोमीटरहून अधिक वेगाने ‘डायमॉर्फस’ या लघुग्रहावर आदळविण्यात आले. यानाचे वजन सहाशे किलोच्या आत, तर डायमॉर्फसचा व्यास सुमारे १६० मीटर. ‘डिडिमॉस’ या थोरल्या लघुग्रहाभोवती तो ११ तास ५५ मिनिटांत एक फेरी पूर्ण करीत असे. आघातानंतर त्या फेरीस सुमारे ३३ मिनिटे कमी लागू लागली. प्रयोग यशस्वी मानण्यासाठी ७३ सेकंदांचा फरकही पुरेसा ठरला असता.

ज्या संकटावर हा उपाय शोधला जात आहे, ते काल्पनिक नाही. ३० जून १९०८ रोजी सायबेरियातील तुंगुस्का येथे आकाशातच झालेल्या स्फोटाने दोन हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रातील अरण्य आडवे केले. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर सुमारे वीस मीटर व्यासाचा पिंड फुटला. तो सूर्याच्या दिशेने आल्यामुळे कोणत्याही दुर्बिणीस आधी दिसला नव्हता. त्या दिवशी सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली, ती बहुतांशी खिडक्यांच्या फुटक्या काचांनी. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर पिढ्यान्‌पिढ्या लवणासुराच्या वधाच्या कथेतून समजून घेतले गेले. तेथील खडकांच्या अभ्यासाने मात्र ते अशनिपाताचे आहे हे सिद्ध केले. कोप मानला की प्रार्थना उरते. कारण कळले की उपाय सुचतो.

उपायाचे तत्त्व साधे आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे तीस किलोमीटर वेगाने धावते. स्वतःच्या व्यासाइतके अंतर ती अवघ्या सात मिनिटांत ओलांडते. म्हणून येणारा लघुग्रह फोडण्याची गरज नसते. तो नियोजित स्थळी काही मिनिटे उशिरा वा लवकर पोहोचला तरी टक्कर टळते. अनेक वर्षे आधी दिलेला अल्पसा धक्काही एवढे काम करू शकतो.

येथवर प्रश्न विज्ञानाचा आहे. धक्का अपुरा पडला तर काय, या ठिकाणी तो न्यायाचा होतो. अशा वेळी लघुग्रह पृथ्वीला चुकत नाही. फक्त त्याचे पडण्याचे स्थान सरकते. एका देशावरील संकट दुसऱ्या देशावर जाते. डिसेंबर २०२४ मध्ये सापडलेल्या ‘२०२४ वायआर४’ या लघुग्रहाच्या बाबतीत, २०३२ साली टक्कर होण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत गेली होती. पुढील निरीक्षणांनी पृथ्वीवरील हा धोका दूर झाला. परंतु त्याच्या संभाव्य पतनाचा पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, आफ्रिका आणि अरबी समुद्रावरून दक्षिण आशियापर्यंत होता. त्या पट्ट्यातील बहुतेक देशांकडे स्वतःचे असे यान नाही. ज्यांच्या डोक्यावर संकट, त्यांच्या हाती साधन नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे १९२७ सालचा मिसिसिपी नदीचा महापूर आठवतो. न्यू ऑर्लिन्स शहर वाचावे म्हणून तेथील धनिकांच्या आग्रहावरून २९ एप्रिल रोजी कार्नार्व्हन येथील बांध सुरुंगाने उडविण्यात आला. पाणी खालच्या भागातील गरीब वस्त्यांवर सोडले गेले. भरपाईचे आश्वासन मिळाले, पण बहुतेकांच्या हाती फारसे काही पडले नाही. वरच्या बाजूला बांध फुटल्यामुळे ही कृती अनावश्यक होती, असे पुढे दिसून आले. ज्यांची घरे बुडणार होती, त्यांना निर्णयात स्थान नव्हते.

संकटकाळी चर्चा करीत बसणे परवडत नाही. ज्याच्याकडे यान असेल त्याने ते सोडावे, असा युक्तिवाद केला जाईल. पूर आणि लघुग्रह यांतील भेद त्यात विसरला जातो. मोठ्या लघुग्रहाची कक्षा वेळीच सापडली तर ती अनेक वर्षे, कधी दशके आधी वर्तविता येते. म्हणजे नियम ठरविण्यास आज अवधी आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या शिफारशीवरून इशारा देणारे जाळे व मोहिमांविषयी सल्ला देणारा गट स्थापन झाले आहेत; मात्र त्यांचे काम सल्ल्यापुरतेच आहे. माझ्या मते तीन गोष्टी आताच करारबद्ध व्हाव्यात : निरीक्षणांची माहिती सर्वांना खुली असावी, संभाव्य पट्ट्यातील प्रत्येक देशाला निर्णयात मत असावे, आणि प्रयत्न फसून ज्यांच्यावर संकट ढकलले जाईल, त्यांच्या स्थलांतराचा व भरपाईचा भार सर्वांनी उचलावा.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२९ हे लघुग्रह-जागृती व पृथ्वी-संरक्षणाचे आंतरराष्ट्रीय वर्ष घोषित केले आहे. त्या वर्षी ‘अपोफिस’ हा तीनशे मीटरहून मोठा लघुग्रह भूपृष्ठापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून, कोणतीही हानी न करता निघून जाईल. भारतात तेव्हा १४ एप्रिलची पहाट, तीन वाजून गेलेले असतील. बाबासाहेबांच्या जयंतीचा तो दिवस आहे. हा निव्वळ योगायोग; त्यात शुभ-अशुभ शोधू नये. आपल्या वसतिगृहातील मुलामुलींनी मात्र त्याआधी दोन गोष्टी शिकाव्यात : कक्षेचे गणित, आणि निर्णय कोण घेतो हे विचारण्याची सवय. पहिल्याने पृथ्वी वाचेल. दुसऱ्याने तिच्यावरील कोणीही वगळला जाणार नाही.