विद्यापीठाचा पैसा आटतो मुंबईत, पावती फाटते गावात

कांद्याचा भाव पडला की रास्ता रोको होतो. डीपी जळाली की महावितरणवर मोर्चा जातो. पण कॉलेजात गणिताचा प्राध्यापक तीन वर्षांपासून नाही म्हणून एखाद्या गावानं रस्त्यावर ट्रॅक्टर आडवे लावले, असं कुणी ऐकलंय का? सरकारी विद्यापीठांना राज्यानं किती पैसा द्यावा, हा विषय पुण्या-मुंबईच्या मोठ्या लोकांचा, असंच आपल्याकडं समजलं जातं. त्याचा चटका मात्र सगळ्यात आधी तालुक्याच्या कॉलेजात एसटीच्या पासवर जाणाऱ्या पोरा-पोरींनाच बसतो. शहरातल्या पोराला दुसरा पर्याय तरी असतो.

कपात दिसतच नाही

विद्यापीठाला किंवा अनुदानित कॉलेजला सरकारकडून मिळणाऱ्या पैशाचा मोठा भाग म्हणजे मंजूर पदांचे पगार. एखादे सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरलीच नाही, तर सरकारचा तेवढा खर्च आपोआप वाचतो. अनुदान कमी केलं असा जीआर निघत नाही, विधानसभेत गोंधळ होत नाही. खुर्ची फक्त रिकामी राहते.

त्या खुर्चीवर मग तासिका तत्त्वावरचे सर येतात. सेट-नेट झालेले, काही तर पीएचडी. त्यांना पगार नाही, तासावर मानधन. कॉलेजला सुट्टी लागली की तेही बंद. खरं तर अशा अतिथी प्राध्यापकांना तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपयांपर्यंत द्यावेत, असं यूजीसीनं २०१९ मध्येच सांगितलेलं आहे. आज जवळपास प्रत्येक मोठ्या गावात असा एखादा 'सीएचबीचा सर' आहे, ज्याचं लग्न या एका कारणानं अडलंय.

दुसरी वाट विनाअनुदानित अभ्यासक्रमांची. एकाच कॉलेजच्या एकाच इमारतीत बीएची फी वेगळी आणि बीसीएची फी कितीतरी पट वेगळी, कारण दुसऱ्या वर्गाच्या सरांचा पगार सरकार देत नाही, पोरांचे आई-बाप देतात. परीक्षा फी, पात्रता फी, संलग्नता फी यांवरही विद्यापीठांचा मोठा गाडा चालतो. म्हणजे खर्च कमी झाला नाही, तो सरकारच्या खिशातून आपल्या खिशात सरकला, एवढंच.

गावाचं मत काय?

पारावर विचारलं तर एकच उत्तर मिळतं: "डिग्री घेऊन पोरं घरीच बसलीत, मग त्यावर सरकारनं पैसा कशाला घालायचा?" हा राग खोटा नाही. निकाल उशिरा लागतात, गुणपत्रिकेत चुका होतात, एका कागदासाठी विद्यापीठाच्या चार चकरा माराव्या लागतात. नुसता पैसा ओतून हे सुधारणार नाही, हेही खरं. पण शिकवायला पूर्णवेळ माणूसच नसेल, तर डिग्रीला वजन येणार कुठून? विहिरीला पाणी कमी झालं म्हणून कुणी विहीर बुजवत नाही, गाळ काढतो.

लोकांना शिक्षणावरचा सरकारी खर्च नको आहे, असंही नाही. ८ जुलै २०२४ च्या निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. आधी ती निम्मी होती. गावोगावी याचं स्वागत झालं, कारण पावती कोरी झालेली डोळ्यांना दिसली. जे आपल्या नावावर मिळतं ते दिसतं, जे संस्थेला मिळतं ते दिसत नाही. राजकारण्यांनाही हे पक्कं कळलेलं आहे. पण फी माफ झाली तरी वर्गात प्राध्यापक येत नाही. त्यासाठी पद भरावं लागतं. पोरीची फी सरकारनं भरली आणि तिला शिकवायला कुणी नसेल, तर अर्धंच काम झालं.

जे बियाणं पेरतो, तेही विद्यापीठाचंच

"विद्यापीठाचा आपल्याला काय उपयोग?" असं म्हणणाऱ्या शेतकऱ्यानं आपलंच शिवार बघावं. तुरीचं बीडीएन-७११ वाण बदनापूरच्या संशोधन केंद्रातून आलं, ते परभणीच्या कृषी विद्यापीठाचं. सोयाबीनचं एमएयूएस-७१ परभणीचंच. फुले संगम आणि उसाचा फुले २६५ राहुरी विद्यापीठाचे. ही सगळी सरकारी पैशाची पिकं. एक वाण तयार व्हायला आठ-दहा वर्षं सहज जातात. तेवढा काळ शास्त्रज्ञ जागेवर पाहिजे, मजुराला पैसे पाहिजेत, प्लॉटला पाणी पाहिजे. कृषी विद्यापीठांतल्या जागा रिकाम्या राहिल्या तर आज काही बिघडत नाही. दहा वर्षांनी नवीन वाण येत नाही, आणि खाजगी कंपनी सांगेल त्या भावाची पिशवी घ्यावी लागते.

विचारायचं कुणाला?

शिक्षणावर देशाच्या उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा, हे १९६६ साली कोठारी आयोगानं सांगितलं. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात तोच आकडा पुन्हा आला. आकडा कागदावरच राहतो, कारण तो मागणारा आवाज नाही.

आवाज उठवायला वाट आहे. आपल्या कॉलेजात मंजूर पदं किती, भरलेली किती, हे दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर विचारता येतं. विद्यापीठाच्या अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, २०१६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत पदवीधरांच्या मतांवर १० प्रतिनिधी निवडून येतात. मुदत पाच वर्षांची. अनेक विद्यापीठांत ही निवडणूक २०२२ च्या शेवटी झाली, म्हणजे पुढची २०२७ मध्ये येते. गावात पदवीधर भरपूर, पण मतदार म्हणून नाव नोंदवलेले हाताच्या बोटांवर. नोंदणी सुरू झाली की ती शहरातल्या संघटनांना आधी कळते आणि गावाला निकाल लागल्यावर.

उद्या आमदार मतं मागायला आले की सभामंडप, पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट दिवा मागितला जाईलच. त्याच यादीत एक ओळ वाढवायला काय हरकत आहे: तालुक्याच्या कॉलेजातल्या रिकाम्या जागा कधी भरणार?