एकाच घरातली दोन माणसे

सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे नाव कुणाला ठाऊक नाही? इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. कैकाडी, पारधी, टकारी अशा जमातींची कुटुंबे इथे तारेच्या कुंपणात ठेवली गेली. हजेरी द्यायची आणि गिरणीत राबायचे. पाळण्यातले मूलसुद्धा जन्माने गुन्हेगार! ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर हा कायदा रद्द झाला. ‘त्यांच्या रक्तातच चोरी’ ही भाषा मात्र आजही कानावर येते.

दुष्टपणा खरोखर रक्तातून येतो काय? अमेरिकन लेखिका सुझान कॉलिन्स यांच्या ‘हंगर गेम्स’ कादंबऱ्यांत स्नो नावाचा क्रूर राष्ट्राध्यक्ष आहे. एकेकाळी बंड केले म्हणून बारा जिल्ह्यांची मुले दरवर्षी रिंगणात उतरवून एकमेकांना मारायला लावायची, असे ते राज्य. हा स्नो असा का झाला, हे लेखिकेने २०२० सालच्या ‘द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स’मध्ये सांगितले आहे. २०२३ साली त्यावर चित्रपटही आला.

इथे स्नो अठरा वर्षांचा आहे. युद्धात बाप गेला, पैसा गेला. नाव मोठ्या घराण्याचे आणि चुलीवर कोबीचे पाणी! अब्रू झाकत तो शाळेत जातो. वाचताना जीव कळवळतो. पण त्याला भाऊ मानणाऱ्या सेजानसचा बेत हाच मुलगा गुपचूप राजधानीला कळवतो. सेजानस फासावर जातो, आणि त्याच्याच आईबापांच्या इस्टेटीचा वारस होतो स्नो!

मग गरिबीने त्याला बिघडवले म्हणायचे? त्याच घरात चुलत बहीण टायग्रिस वाढते. तीच उपासमार, तेच दिवस. जुना सदरा दुरुस्त करून ती भावाला देते, परक्याच्या लेकरासाठीही हळहळते. पुढे म्हातारपणी स्नोविरुद्ध लढणाऱ्यांना तीच आपल्या दुकानात लपवते. भूक दोघांची सारखी, वाट मात्र ज्याने त्याने निवडली.

कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी ही गोष्ट वाचून घरी सांगावी. आणि मायबापहो, आपण दोन गोष्टी पाळू. कुणाच्या लेकराला जन्मावरून चोर म्हणायचे नाही. आपल्या लेकराने दगा केला, तर ‘परिस्थितीने केले’ म्हणून पांघरूणही घालायचे नाही.