थंडी म्हणते मोठा जेट, डोंगर म्हणतो छोटा



या वेळची गाडी आपल्यापैकी बहुतेकांनी फक्त सिनेमात पाहिली असेल: स्नोमोबाईल. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा आणि मध्ये इंजिन. कामानिमित्त मी दोन हिवाळे अमेरिकेतल्या मिनेसोटात काढले. आपल्याकडे दारात स्कूटर असते, तशी तिथे अनेक घरांत ही गाडी असते. नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं आहे, पण जुन्या टू-स्ट्रोक, कार्बोरेटरवाल्या गाड्या लोक अजून जपून चालवतात. आपल्या आरएक्स-100 चंच तत्त्व, फक्त हवामान वेगळं.

जेट म्हणजे पितळेचा छोटा स्क्रू, मधोमध बारीक भोक. पेट्रोल तिथूनच येतं. नंबर मोठा, तर भोक मोठं. गंमत अशी, की इंजिन हवा आकारमानावर ओढतं, पण जळण्यासाठी किती ऑक्सिजन मिळाला हे हवेच्या वजनावर ठरतं.

थंड हवा जड असते. उणे 30 अंशांची हवा 30 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 25 टक्के जड भरते. हवा वाढली आणि पेट्रोल त्या मानाने कमी पडलं, की मिश्रण लीन होतं. म्हणून थंडीत मोठा जेट.

डोंगरावर उलटं. 3,000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 70 टक्के उरतो. हवा विरळ, पेट्रोल जास्त, मिश्रण रिच. म्हणून छोटा जेट. पण हवा 30 टक्के विरळ झाली म्हणून जेट 30 टक्के लहान करायचा नसतो. विरळ हवेत पेट्रोलची ओढही कमी होते. हिशेब वर्गमुळाचा आहे, त्यामुळे मिश्रण सुमारे 20 टक्केच रिच होतं.

खरी अडचण परतताना येते. मिनेसोटाची मंडळी गाडी ट्रेलरवर टाकून कोलोरॅडोच्या डोंगरात जातात आणि तिथे छोटा जेट बसवतात. घरी परतल्यावर तोच जेट राहिला आणि सकाळी उणे 25 असलं, तर दाट हवेत पेट्रोल कमी पडतं. रिच मिश्रणाने पिकअप जातो, धूर होतो, प्लग काळा पडतो. लीन मिश्रणाने पिस्टन तापतो, त्याला भोक पडतं किंवा इंजिन सीझ होतं. वस्तीपासून वीस किलोमीटरवर, गोठलेल्या तळ्यावर इंजिन सीझ झालं, तर प्रश्न गाडीचा राहत नाही, जिवाचा होतो.

म्हणून तिथले जुने चालक काही गोष्टी पाळतात. कंपनीच्या तक्त्यात एका बाजूला तापमान, दुसऱ्या बाजूला उंची असते. त्यात दिवसभरातली सर्वांत कमी उंची आणि सर्वांत जास्त थंडी धरून नंबर बघायचा. दोन नंबरांत शंका आली, तर मोठा घ्यायचा. दोन कार्बोरेटर असतील, तर एकाचा बदलून दुसऱ्याचा विसरायचा नाही. थोडं अंतर पूर्ण थ्रॉटलवर चालवून, इंजिन बंद करून प्लग बघायचा: कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक, पांढरा असेल तर तिथेच थांबायचं.

आता हे आपल्याला कशाला? 2020 मध्ये बीएस-6 आल्यापासून नव्या बाइकमधून कार्बोरेटर जवळपास गेला. पण बाबांची जुनी बुलेट घेऊन लेहला जायचं स्वप्न इंदूर-बडोद्याच्या पुष्कळ मुलांचं आहे. लेह 3,500 मीटरवर आहे, खारदुंगला त्याहून खूप वर. तिथे गाडी दम खाते, मेकॅनिक छोटा जेट टाकून देतो आणि गाडी सुधारते. काढलेला जेट मात्र त्याच्याकडेच ठेवू नका. डबीत घालून, वर नंबर लिहून सोबत घ्या आणि मनालीला उतरलात की पुढच्या प्रवासाआधी तो परत बसवून घ्या.

तुमच्या घरी अशी जुनी गाडी असेल, तर तिच्या मेन जेटचा नंबर नक्की कळवा. भेटू पुढच्या अंकात.