घरांतील यंत्रें : हिरवी खूण आणि काकूंचीं पत्रें

काका नोकरीनिमित्त बाहेरगांवीं असतांना त्यांनीं थोरल्या काकूंस लिहिलेलीं पत्रें आमच्या घरीं एका ट्रंकेंत होतीं. मुलांनीं गेल्या उन्हाळ्यांत तीं स्कॅन करून माजघरांतील संगणकावर ठेवण्यास आरंभ केला. पुढें पावसाळ्यांत माळा गळला, ट्रंक भिजली आणि मूळ कागदांचा लगदा झाला. तेव्हां संगणकावर आहेत तींच आतां पत्रें.

हा संगणक लिनक्सवर चालतो. पत्रांचा फोल्डर क्लाउडशीं जोडलेला असल्यामुळें येथें ठेवलेली फाईल आपोआप नागपुरास वहिनींच्या लॅपटॉपवर जावी आणि त्यांची इकडे यावी, अशी योजना. कोपऱ्यांत हिरवी खूण दिसत होती व आम्ही निश्चिंत होतों. दिवाळीपूर्वीं वहिनींचा फोन आला, "भावोजी, काकूंचीं पत्रें मला निम्मींच दिसतात. बाकीचीं कोठें गेलीं?"

पुतण्यानें उपाय सांगितला तो असा कीं, येथील फोल्डर पुसून टाकावा आणि क्लाउडवरून सर्व पुन्हा उतरवून घ्यावें. हा सल्ला पुष्कळांच्या तोंडीं असतो, म्हणून स्पष्ट लिहितों. जी फाईल क्लाउडवर कधीं गेलीच नाहीं, ती तेथून परत कशी येणार? शिवाय जोडणी चालू असतांना येथें पुसलेलें तेथेंही पुसलें जातें. आधीं सिंक थांबवावें, सबंध फोल्डरची प्रत निराळ्या डिस्कवर काढावी, आणि मग दोष शोधावयास बसावें. आम्हीं तसेंच केलें.

नंतर सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू केलें, तों अडलेलीं पत्रें भराभर जाऊं लागलीं! पुतण्या हर्षानें ओरडला. परंतु दुसऱ्या दिवशीं ठेवलेलें नवें पत्र पुन्हा जागेवरच. येथेंच रोगाचें मूळ सांपडलें. आरंभीं हें सॉफ्टवेअर सर्व फोल्डर एकदां तपासतें; नंतर तें फेऱ्या घालीत बसत नाहीं, तर कोठें काय बदललें याची वर्दी लिनक्सच्या कर्नलकडून मागवितें. या सोयीस आयनोटिफाय म्हणतात. ती २००५ सालीं कर्नलमध्यें आली. तिच्यांत प्रत्येक फोल्डरला एक पहारेकरी लागतो, आणि हा पहारेकरी आपल्या खोलीपुरतेंच पाहतो, आंतल्या खोलींत डोकावत नाहीं. एका वापरकर्त्याला मिळणाऱ्या पहारेकऱ्यांची संख्याही ठरलेली असते. जुन्या कर्नलांत ती बहुधा ८,१९२ असे. २०२१ सालच्या ५.११ या कर्नलपासून ती संगणकाची मेमरी पाहून ठरते. आमचा संगणक जुना. फोल्डर मोजले, तर ११ हजारांहून अधिक!

एका कुटुंबाचे इतके फोल्डर कोठून आले? पुतण्याच्या प्रोग्रॅमिंगच्या अभ्यासांतून. त्याच्या प्रत्येक प्रयोगाबरोबर तयार लायब्रऱ्यांचे शेंकडों बारीक फोल्डर उतरले होते, आणि सर्व पहारा त्यांच्याभोंवतीं उभा होता. काकूंच्या पत्रांच्या वांट्यास कोणी उरलाच नव्हता. सॉफ्टवेअरच्या लॉगमध्यें ही तक्रार कित्येक आठवडे नोंदलेली होती. ती वाचणारा घरांत कोणी नव्हता, मी धरून. पुतण्यानें मुकाट्यानें आपला पसारा बाहेर हलविला. मीं 'मॅक्स यूझर वॉचेस' या नांवाची मर्यादा वाढविली. हा आंकडा सेटिंगच्या फाईलींतही लिहावा लागतो, एरवीं संगणक पुन्हा सुरू होतांच जुनाच आंकडा परत येतो.

तरीही वहिनींनीं नागपुरीं स्कॅन केलेलीं कांहीं पत्रें इकडे येईनात. त्यांनीं फाईलींस नांवें दिलीं होतीं तीं अशीं कीं, पत्र वाचण्याची गरजच पडूं नये. विंडोजवर त्यांचें चाललें, कारण तेथें देवनागरीचें चिन्ह एकच धरलें जातें. आमच्या डिस्कवरील एक्स्ट-फोर या व्यवस्थेंत मात्र नांवाची मर्यादा २५५ बाइट, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. काना, मात्रा, अनुस्वार सर्व निराळे मोजले जातात. म्हणजे ८५ चिन्हांवर दार बंद. इंग्रजी नांवें ठेवणारास ही अडचण सहसा जाणवत नाहीं.

शेवटचा घोटाळा तर थेट आपल्या भाषेचाच. 'वऱ्हाड' या एकाच नांवाचे दोन फोल्डर शेजारीं शेजारीं दिसत होते. ऱ हें अक्षर एकसंध लिहितां येतें, तसेंच साध्या र ला नुक्ता जोडूनही लिहितां येतें. डोळ्यांना भेद दिसत नाहीं, पण लिनक्स बाइट पाहतो आणि त्यांस दोन नांवें समजतो. एक जादा म्हणून पुसण्याच्या बेतांत होतों. उघडून पाहिलें, तर दोहोंत पत्रें वेगवेगळीं!

आतां दोन्हीकडील मोजणी जवळजवळ जुळली आहे. २ पत्रें अद्याप यावयाचीं आहेत. त्यांचीं नांवें आज संध्याकाळीं आंखूड करतें, असें वहिनींनीं कळविलें आहे.