पाटनमध्ये 'वेल्फेअर'चा अर्थ काय?

जबलपूर जिल्ह्यातील पाटन (साताऱ्याचे पाटण ते वेगळे) हा परिसर हिवाळ्यात हिरव्या वाटाण्याने गजबजतो. 'एक जिल्हा, एक उत्पादन' या योजनेत जबलपूरसाठी वाटाण्याचीच निवड झाली आहे. मात्र गहू व भात यांना असलेला केंद्राचा हमीभाव या वाटाण्याला नाही. बाजार कोसळला की शेतकऱ्याने ज्या खात्याकडे पाहावे, त्याचे भोपाळमधील नाव 'किसान कल्याण तथा कृषि विकास विभाग' असे आहे. दिल्लीच्या कृषी मंत्रालयाच्या नावातही 2015 पासून शेतकरी कल्याण आले. शिवाय 'मुख्यमंत्री किसान कल्याण योजना' आहेच. 2020 मध्ये ती वर्षाला 4,000 रुपयांनी सुरू झाली, 2023 मध्ये रक्कम 6,000 झाली. पाटनच्या शेतकऱ्याला कल्याण म्हणजे काय असे विचारले, तर तो आकडाच सांगेल आणि त्यात त्याची चूक नसेल.

एका व्यापक शब्दाचे असे रकमेत रूपांतर कसे झाले, हा प्रश्न केवळ भाषेचा नाही. इंग्रजी 'वेल्फेअर'चा मूळ अर्थ सुखरूप वाटचाल करणे असा आहे. निरोपाचा 'फेअरवेल' हा शब्द त्याच दोन पदांची उलटापालट. आपल्याकडील 'योगक्षेम' हा शब्द त्याला 'कल्याण'पेक्षा अधिक जवळचा ठरतो, कारण त्यात नसलेले मिळवणे आणि असलेले राखणे अशा दोन्ही गोष्टी येतात. आयुर्विमा महामंडळाने तो बोधवाक्यासाठी उचलला. शासनाने 'कल्याण' घेतले. मराठीत हा शब्द आशीर्वादाचाही आहे आणि 'झाले कल्याण!' अशा उपरोधाचाही, हे निवडणाऱ्यांच्या ध्यानी आले नसावे.

पुढे ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात 'वेल्फेअर स्टेट' ही संज्ञा रूढ झाली. आजारपण, बेकारी व वार्धक्य यांत नागरिकाला आधार देणे हे राज्याचे कर्तव्य, असा तिचा आशय होता. अमेरिकेत मात्र त्याच शब्दाला गरिबाला दिला जाणारा रोख भत्ता असा संकुचित आणि काहीसा तुच्छतादर्शक अर्थ चिकटला. भारतीय राज्यघटनेच्या 38 व्या अनुच्छेदातील लोककल्याण पहिल्या वळणाचे आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमातील 'वेल्फेअर' तर अगदी रोकडे होते: धुण्याची सोय, प्रथमोपचार, उपाहारगृह, पाळणाघर. जबलपूरच्या आयुध निर्माण्यांत नोकरी केलेल्या मराठी कुटुंबांना हे सांगावयास नको. उपाहारगृह ही व्यवस्थापकाची मेहेरबानी नव्हती. ते नसेल तर कायद्याचा भंग होत होता. उलट 1977 मध्ये आणीबाणीतील नसबंदीने बदनाम झालेल्या कुटुंब नियोजनाचे 'कुटुंब कल्याण' असे नामांतर झाले, तेव्हा याच शब्दाने पांघरुणाचे काम केले.

राजकारणात या दोन अर्थांची सरमिसळ कशी होते, ते पाटनच्याच जिल्ह्यात 2023 च्या जूनमध्ये दिसले. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'रेवडी संस्कृती'वर टीका करून जेमतेम वर्ष होत होते. 10 जून रोजी मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जबलपूरमधून 'लाडली बहना'चा 1,000 रुपयांचा पहिला हप्ता सुमारे सव्वा कोटी महिलांच्या खात्यांत जमा केला. दोनच दिवसांनी त्याच शहरात प्रियंका गांधी यांनी काँग्रेसतर्फे दरमहा 1,500 रुपयांचे आश्वासन दिले. प्रत्येक पक्षाच्या लेखी आपली ती कल्याण योजना आणि दुसऱ्याची ती रेवडी! भाजपने 230 पैकी 163 जागा जिंकल्या. पाटनची जागाही राखली. पुढच्या वर्षी महाराष्ट्राने 'लाडकी बहीण' आणली, आणि चौहान केंद्रात शेतकरी कल्याणाचे मंत्री झाले.

न्यायालयातही हा गुंता सुटलेला नाही. जाहीरनाम्यातील आश्वासन हा भ्रष्ट निवडणूक मार्ग ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये म्हटले. 2022 मध्ये तो प्रश्न तीन न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला. फेब्रुवारी 2025 मध्ये न्या. भूषण गवई यांनी मोफत वाटपातून आपण परजीवींचा वर्ग तर निर्माण करीत नाही ना, असा सवाल केला. तो सवाल शहरी बेघरांच्या निवाऱ्याच्या सुनावणीत आला, हे लक्षणीय आहे. डोक्यावर छप्पर मागणारा आणि मतदानापूर्वी हप्ता मिळवणारा हे दोघे 'वेल्फेअर' या एकाच शब्दाखाली उभे असल्याने एकावरचा राग दुसऱ्यावर निघतो.

नेमका शब्द वापरावयाचा तर रोख की वस्तू, मोफत की सवलतीत, ही कसोटी अपुरी आहे. न मिळाल्यास दाद कोठे मागता येते, हे पाहावे लागेल. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र व्यक्तीला धान्याचा हक्क दिला. ते न पुरवल्यास भत्ता देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. 'लाडली बहना' ही शासकीय योजना आहे, तिच्यामागे विधानसभेचा कायदा नाही. अविवाहित महिलेला तीत स्थान नाही. ट्रॅक्टर असलेली कुटुंबे आधी वगळली गेली आणि निवडणुकीच्या काही महिने आधी सामावली गेली, ही बाब पाटनसारख्या शेतीप्रधान भागात लहान नव्हती. रक्कम 1,000 वरून 1,250 व 2025 मध्ये 1,500 झाली, तीही सरकारच्या इच्छेने. प्रशासनाची भाषा येथे बोलकी आहे. मध्य प्रदेशात घेणाऱ्याला 'हितग्राही' म्हणतात, महाराष्ट्रात 'लाभार्थी'. 'हक्कदार' हा शब्द दोन्हीकडील अर्जांत सहसा आढळत नाही. 'लाडली' वा 'लाडकी' या विशेषणात तर लाड करणारा कोण, हेही गृहीत आहे.

हा फरक सर्वाधिक जाणवतो तो स्थलांतरितांना. जबलपूर आणि नागपूर 1956 पर्यंत एकाच प्रांतात होते. आज पाटनची एखादी विवाहिता कामासाठी नागपुरात येऊन राहिली, तर 'एक देश, एक शिधापत्रिका' व्यवस्थेमुळे तिच्या वाट्याचे पाच किलो धान्य तिला नागपूरच्या दुकानात घेता येते. हप्त्याचे तसे नाही. मध्य प्रदेशची योजना तेथील रहिवाशांपुरती आहे आणि महाराष्ट्राची महाराष्ट्राच्या रहिवाशांपुरती. पती महाराष्ट्राचा अधिवासी असेल तर त्याची कागदपत्रे तिला चालतात. तो पाटनचाच असेल, तर दोन्ही राज्यांच्या याद्यांत तिचे नाव कोठे बसते, हे तिला त्या त्या कार्यालयात जाऊन विचारावे लागेल.