लस गावात, चावी शहरात



तुम्ही कपाशी-ज्वारीवाले, आम्ही मावळचे भातवाले. पाऊस तुम्हाला पुरत नाही, आम्हाला सरत नाही. पण सरकारी कॉम्प्युटरपुढे दोघांची गत एकच. २०१७ च्या कर्जमाफीला नवरा-बायकोने अंगठा द्यायला सेवा केंद्रावर दिवस घालवले आणि सर्व्हर बंद, हे कोण विसरेल? तोच कारभार आता दवाखान्यात आला आहे.

१६ जानेवारी २०२१ ला कोरोनाची लस सुरू झाली आणि को-विनच्या बिघाडाने महाराष्ट्राला लगेच दोन दिवस लसीकरण थांबवावे लागले. तेव्हा पाळी डॉक्टर-नर्सची होती, निभावले. खरा तमाशा मे महिन्यात झाला. १८ ते ४४ वयाच्या माणसाने आधी को-विनवर नाव घालायचे, वेळ पकडायची, मगच दंडाला सुई. आणि कोणत्याही गावचे केंद्र कोणीही निवडावे!

आता मावळ पाहा. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ. धरणामागच्या वाड्यांत रेंज हवी तर टेकाड चढायचे. को-विनवर मराठी आली ४ जूनला, म्हणजे वरातीमागून घोडे. तोवर सगळे इंग्रजीत, आणि जागा उघडली की पापणी लवेपर्यंत संपायची. द्रुतगती महामार्गामुळे पुणे-पिंपरी तासाभरावर, मुंबईही लांब नाही. (एरवी ही मंडळी लोणावळ्याला चिक्कीसाठी येतात.) पुणे जिल्ह्यात त्या दिवसांत शहरातली माणसे मोटारी घेऊन गावच्या केंद्रांवर पोचली. गावच्या पोराने दारात उभे राहून पाहायचे. मोटारवाल्याला मी दोष देत नाही, जीव सगळ्यांनाच प्यारा. पण ‘इंडिया’च्या बोटाने उघडणारे कुलूप ‘भारता’च्या दवाखान्याला लावले कोणी?

२४ मे रोजी सरकारी केंद्रांवर जागेवरच नाव नोंदवायची मुभा मिळाली. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सरकारला फटकारले, की ज्याच्याकडे फोन नाही, नेट नाही, त्या खेड्यातल्या माणसाने लस घ्यायची कशी? हा प्रश्न आधी कोणत्याही ग्रामसभेने विचारला असता. तिला विचारतो कोण!

हे एकट्या लसीचे नाही. राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कॉम्प्युटरवर केसपेपर होता. खासगी कंपनीशी वाद झाला आणि जुलै २०२२ मध्ये यंत्रणा बंद पडली. पुन्हा हाताने लिहिणे आले. विलायतेतही हेच. २००२ साली सगळ्या इंग्लंडचे दवाखाने एका कॉम्प्युटर योजनेत बांधायला निघाले, डॉक्टर-नर्सना धड न विचारता. २०११ मध्ये गाशा गुंडाळला, खर्चाचा आकडा हजार कोटी पौंडांच्या घरात. उंटावरून शेळ्या हाकण्याचा धंदा साहेबालाही महागात पडला.

म्हणून कॉम्प्युटर फोडा असे मी म्हणत नाही. मुलाची पुण्यातली तपासणी गावच्या डॉक्टरला दिसली तर फेरा वाचेल, मजुरी वाचेल. पण सप्टेंबर २०२१ पासून देशभर १४ आकडी ‘आभा’ क्रमांक आला आहे. तो घेणे ऐच्छिक आहे, हे नीट ऐका. क्रमांक नाही म्हणून कोणी उपचार अडवत असेल तर ‘नियम दाखवा’ म्हणा आणि जागचे हलू नका. आरोग्य केंद्रात कागदी वही राहिलीच पाहिजे. लाइट गेली, रेंज गेली तरी नर्सबाईने नाव लिहून औषध द्यावे. हा ठराव येत्या ग्रामसभेत मांडा आणि त्याची नक्कल तालुका आरोग्य अधिकाऱ्याला हातोहात द्या, पोच घेऊन.